पुढचा भाग कधी?

हॅरी पॉटरचा चौथा भाग 8 जुलै 2000 रोजी आला आणि पाचव्या भागासाठी वाचकांना 21 जून 2003 पर्यंत थांबावं लागलं. जवळजवळ तीन वर्षं. मोठ्या माणसांची तीन वर्षं कुठे जातात ते त्यांनाही सांगता येत नाही, पण अकराव्या वर्षी चौथा भाग मिटवणारी मुलगी पाचवा उघडताना चौदाची असते. उंची वाढलेली असते, जिवलग मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेलेली असते, आईशी वाद घालायची सवय लागलेली असते. या लेखातली वाचक पुण्याच्या कसबा पेठेत वाढली आणि तिचं बालपण असं भागाभागांत मोजलं गेलं. आज पस्तिशी ओलांडल्यावरही एखादं वर्ष आठवायचं असलं, की तिला आधी त्या वर्षी कोणता भाग आला होता ते आठवतं.

मालिका तिला नवी नव्हती. पेठेतल्या वाचनालयातून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तिने कितीदा तरी आणला होता. फुरसुंगीचा बनेश घरापासून दूर पुण्यात शिकतो, सायकल दामटतो, संकट दिसलं की त्यात उडी घेतो. घरात बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारच्या आठवणी काढणारे आजोबाही होते. पण या नायकांची गंमत वेगळी आहे. त्यांचं वय वाढत नाही. पुस्तक कुठलंही उचला, बनेश तोच, तेवढाच, तितकाच तरतरीत. हॅरी मात्र दर भागात एका वर्षाने मोठा होतो. पहिल्या भागात अकरा वर्षांचा असलेला मुलगा शेवटच्या भागात सतराचा होतो, आणि त्याच्याबरोबर पुस्तकही जाड, काळोखं आणि अवघड होत जातं. लेखिकेने वाचकाच्या वयाबरोबर भाषा आणि भीती वाढवत नेली. 21 जुलै 2007 च्या शनिवारी सातवा भाग हातात पडला तेव्हा ती अठराची होती. नायक आणि वाचक एकाच सुमाराला शाळेतून बाहेर पडले. असा योग एका पिढीलाच मिळाला. आजचं मूल सातही भाग सुट्टीच्या एका महिन्यात संपवू शकतं. त्याला गोष्ट पूर्ण मिळते, पण मधलं थांबणं मिळत नाही.

त्या थांबण्यात किती काय घडायचं! जुने भाग पुन्हा वाचले जायचे, आणि या वेळी खुणा शोधत. सहावा भाग 16 जुलै 2005 ला आला आणि त्यानंतरची दोन वर्षं हॅरीचा शिक्षक स्नेप चांगला की वाईट या एका प्रश्नावर वर्गातली मैत्री तुटायची आणि जुळायची. ज्यांचं इंग्रजी कच्चं होतं त्यांच्यासाठी मंजुल प्रकाशनाने हॅरी मराठीत आणला. तिच्या वर्गात दोन्ही भाषांतले वाचक एकाच बाकावर बसून वाद घालत. साहित्याचा अभ्यास तिने पुढे कॉलेजात केला, पण मजकुरातून पुरावा काढून मत मांडण्याचा पहिला सराव तिचा तिथेच झाला.

आपल्याकडे मालिका वाचण्याला आणखी एक पदर होता. भाग क्रमाने मिळायचेच असं नाही. मुंबईला मावशीकडे गेलं की फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असायचे, आणि त्यात कुठल्यातरी मालिकेचा दुसरा भाग सापडायचा, पहिला नाही. जोनाथन स्ट्राउडची बार्टिमियस मालिका तिला अशीच भेटली. 2003 ते 2005 या काळात आलेले हे तीन भाग. त्यातल्या लंडनवर जादूगारांचं सरकार राज्य करतं आणि कष्टाची सगळी कामं पकडून आणलेल्या जिनांकडून करून घेतली जातात. बार्टिमियस हा पाच हजार वर्षं जगलेला, तोंडाळ जिन गोष्ट सांगतो, आणि तळटिपांमध्ये मालकांची उणीदुणी काढतो. मधूनच वाचायला घेतल्यामुळे मागचं काय झालं असेल ते तिला स्वतःच रचावं लागलं. पुढे पहिला भाग मिळाला तेव्हा तिने रचलेलं आणि लेखकाने लिहिलेलं यांची तुलना करायला ती दोन रात्री जागली.

कुमारवाचकांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकापुढे एक अडचण असते: मोठ्या माणसांचं काय करायचं? आईबाबा शहाणे आणि जागेवर असतील तर मुलांना साहस करायला वाव उरत नाही. फास्टर फेणेला भागवतांनी घरापासून दूर ठेवलं, रोलिंगने हॅरीला अनाथ करून वसतिगृहात पाठवलं. सर्वात देखणं उत्तर तिला स्ट्राउडच्याच दुसऱ्या मालिकेत सापडलं. ‘लॉकवुड अँड कंपनी’चे पाच भाग 2013 ते 2017 मध्ये आले. त्यातल्या इंग्लंडमध्ये भुतांची साथ पसरली आहे, आणि ती भुतं फक्त मुलांनाच नीट दिसतात, ऐकू येतात. वय वाढलं की ही शक्ती विझते. म्हणून रात्री मीठ, लोखंडी साखळ्या आणि लव्हेंडर घेऊन कामावर जातात ती मुलं, आणि देखरेख करणारी मोठी माणसं त्यांना धोक्यात लोटून पगार घेतात. ही कल्पना करमणुकीच्या पलीकडची आहे. मुलांच्या अंगावर जगाची दुरुस्ती टाकून मोकळ्या होणाऱ्या पिढीबद्दल एवढं थेट तिने दुसरीकडे फार कमी वाचलं आहे. हे भाग आले तेव्हा ती स्वतः पंचविशीत होती आणि लेखकाने विचारलेल्या प्रश्नात आता मोठ्यांच्या बाजूला उभी होती.

मधली काही वर्षं वाईटही गेली. स्टेफनी मायरची ‘ट्वायलाइट’ 2005 मध्ये आली, वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स हे पावसाळी गाव जगाला माहीत झालं, आणि त्यानंतर प्रकाशकांनी रक्तपिपासू प्रियकरांची रांगच लावली. एक मुलगी, दोन मुलगे, एक शाप, तीन भाग. ती पुष्कळ वाचून गेली, आणि त्यातलं फारसं काही आज आठवत नाही.

तिला ज्याने पुन्हा बांधून ठेवलं तो प्रकार म्हणजे अर्बन फँटसी. टॉल्किनच्या पुस्तकात आरंभी काल्पनिक जगाचा नकाशा लागतो. इथे शहराचा बसचा नकाशा पुरतो. जादू ओळखीच्या पत्त्यावर घडते. एमा बुल यांनी 1987 च्या ‘वॉर फॉर द ओक्स’मध्ये मिनियापोलिसच्या एका रॉक गायिकेला पऱ्यांच्या युद्धात ओढलं आणि लढाई शहरातल्याच मिनेहाहा धबधब्यापाशी लावली. जिम बुचरच्या ‘ड्रेस्डेन फाइल्स’चा नायक 2000 पासून शिकागोत जादूगार म्हणून व्यवसाय करतो, त्याचं नाव टेलिफोनच्या यलो पेजेसमध्ये आहे. रिक रायर्डन यांनी तर ऑलिंपस पर्वत उचलून न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर नेऊन ठेवला. रायर्डन मूळचे शाळेतले शिक्षक. मुलाला झोपताना ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगत, त्या संपल्या तेव्हा त्यांनी नवी रचली. त्या मुलाला वाचायला अडचण होती आणि तो एका जागी बसत नसे. गोष्टीतल्या पर्सी जॅक्सनलाही तसंच केलं, आणि कारण दिलं असं, की त्याचा मेंदू मुळात प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडला आहे आणि चुळबुळ ही लढवय्याची सावधता आहे. 2005 मध्ये पहिला भाग आला. अक्षरं नाचतात म्हणून मागे बसवलेल्या मुलांना ते वाचून काय वाटलं असेल, हा विचार तिच्या मनातून जात नाही.

मग नोकरीसाठी काही वर्षं ती लंडनला गेली आणि तिच्या हाती बेन आरोनोविचची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ आली. पहिला भाग 2011 चा. लेखक तेव्हा कॉव्हेंट गार्डनच्या पुस्तकांच्या दुकानात काम करत होता, आणि पुस्तकातला पहिला खूनही कॉव्हेंट गार्डनमध्येच होतो. पीटर ग्रँट हा नवशिका पोलीस शिपाई थंडीच्या रात्री सेंट पॉल्स चर्चसमोर पहारा देत असतो. आई सिएरा लिओनची, बाप जॅझ वादक. एक साक्षीदार पुढे येऊन बोलू लागतो आणि तो भूत निघतो. पीटर वही काढतो आणि रीतसर जबाब लिहून घेतो! या एका कृतीवर ती खूश झाली. चमत्कार दिसल्यावर हात जोडणारे आणि पळून जाणारे नायक तिने खूप पाहिले होते. चौकशी करणारा हा पहिलाच. त्याच चर्चच्या भिंतीवर एक नोंद कोरलेली आहे: 1662 मध्ये सॅम्युअल पेपिसने इथे पंचच्या बाहुल्यांचा खेळ पाहिला. ती नोंद वाचायला ती मुद्दाम गेली, कारण कादंबरीचं सगळं कोडं त्या खेळावर उभं आहे.

खरी कमाल नद्यांची. लंडनच्या पोटात फ्लीट, टायबर्न, एफ्रा अशा कितीतरी नद्या पुरलेल्या आहेत. आरोनोविचने त्या प्रत्येकीला माणूस केलं. टेम्सचा म्हातारा देव 1858 च्या उन्हाळ्यात शहर सोडून वरच्या अंगाला निघून गेला, असं तो सांगतो. ते साल कल्पित नाही. त्या उन्हाळ्यात नदीत सोडलेल्या मैल्याची दुर्गंधी इतकी चढली, की पार्लमेंटचे पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या द्रावणात बुडवून टांगले गेले आणि त्यानंतर जोसेफ बझलजेटची गटारव्यवस्था उभी राहिली. देवाने सोडलेल्या त्या रिकाम्या जागी विसाव्या शतकात बसते ती नायजेरियातून नर्सिंग शिकायला आलेली एक मुलगी. आता ती ममा टेम्स आहे आणि शहराच्या नद्या तिच्या लेकी आहेत. शहर कोणाचं, या प्रश्नावर हजारो लेख झाले असतील, पण नदीचं देवपण एका स्थलांतरित मुलीकडे जातं हे वाचल्यावर परक्या देशात घरभाड्याचे कागद भरणाऱ्या वाचकाला जे वाटतं, ते कुठल्या लेखाने वाटलं नसतं.

क्लार्कनवेलच्या रे स्ट्रीटवर एका पबसमोर रस्त्यात लोखंडी जाळी आहे. तिथे वाकून कान दिला की खालून वाहणारी फ्लीट ऐकू येते. हॅम्पस्टेडहून निघून ब्लॅकफ्रायर्सपर्यंत जाणारी ही नदी आज गटार आहे. रविवारच्या शांततेत तिथे उभं राहून तिने ती ऐकली, आणि मनात आली ती नागझरी.

कसब्यात वाढूनही नागझरीला तिने ओढा म्हणून कधी पाहिलंच नव्हतं, नाला म्हणून नाक दाबून ओलांडलं होतं. पुण्यात परतल्यावर तिने आपल्याच शहराचं पाणी शोधायला सुरुवात केली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं गेलं, पेठापेठांत हौद बांधले गेले. आंबिल ओढ्याचा प्रवाह वळवला गेला. सारसबागेच्या जागी एके काळी तळं होतं. मुंबईत तर अर्बन फँटसीचा पहिला अध्याय निसर्गानेच लिहून ठेवला आहे. विहार आणि पवईच्या तलावांपासून माहीमच्या खाडीपर्यंत जाणारी मिठी अनेकांनी नालाच समजली होती, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा ती नदी आहे हे शहराला कळलं. ज्या कोळी लोकांच्या देवीवरून शहराला नाव मिळालं, त्या मुंबादेवीचं मूळ ठाणं बोरीबंदराजवळ होतं. देवळाला जागा बदलावी लागली. रायर्डनला देव न्यूयॉर्कला न्यावे लागले, इथे देवीचं स्थलांतर इतिहासातच आहे.

सामग्रीचा तुटवडा नाही. नदीकाठच्या सातीआसरा आहेत, पिंपळावरचा मुंजा आहे, रात्री गाव राखत फिरून चपला झिजवणारा आरवलीचा वेतोबा आहे, ज्याला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात. परंपराही आहे: नारायण धारपांनी समर्थकथांत अघोरी शक्तींशी लढणारा नायक आधुनिक महाराष्ट्रात उभा केला आणि एकामागून एक पुस्तकांत चालवला. पण त्याचा वाचक वयाने मोठा होता. बारा ते सतरा वयाच्या वाचकासाठी, त्याच्याबरोबर वय वाढणारा नायक, त्याच्याच शहरात, चार-पाच भागांत, मराठीतून: ही जागा मोकळी आहे.

ती किती मोकळी आहे हे तिला दादाच्या मुलीने दाखवलं. बारा वर्षांच्या या भाचीला तिने रोशनी चोक्षीची ‘आरू शाह’ दिली. रायर्डनच्या नावाने सुरू झालेल्या प्रकाशन-मालिकेतलं हे 2018 चं पहिलं पुस्तक. पाच भाग 2022 पर्यंत पूर्ण झाले. अटलांटातल्या संग्रहालयात राहणारी, थापा मारणारी मुलगी वर्गातल्या मुलांनी डिवचलं म्हणून शापित दिवा लावते आणि पांडवांचा आत्मा घेऊन जन्मलेल्या मुलींची गोष्ट सुरू होते. भाचीने ते अधाशासारखं वाचलं आणि विचारलं, “आत्या, हे सगळं अटलांटात का होतं? आपल्याकडे का नाही?”

आत्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर लेखकांनी आणि प्रकाशकांनी द्यायचं आहे, आणि त्यासाठी थोडा धीर लागेल. एका भागाच्या विक्रीवर मालिका तोलू नका, निदान तीन भागांचा करार एकदम करा. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून मुलांपर्यंत पोहोचतं आहे, दिवाळी अंक दरवर्षी निघतात. क्रमशः कादंबरीसाठी त्यात पानं राखून ठेवा. तरुण लेखकांनो, नागझरीच्या काठाने एकदा चालून या आणि लिहायला बसा. पहिला भाग छापाल तेव्हा त्याच्या शेवटच्या पानावर दुसऱ्या भागाचं नाव आणि तो येण्याचा महिना न विसरता द्या.