नट, वायसर आणि पालीचा गणपती

मॅग व्हील्स घेतली तेव्हा मी घरी सांगितलं होतं की त्याने मायलेज सुधारतं. हे धादांत खोटं होतं. चार वर्षं जुनी सेकंडहँड होंडा सिटी, लोखंडी रिम, त्यावर प्लॅस्टिकची व्हील कव्हर्स, त्यातलंही एक कुठेतरी उडून गेलेलं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये शेजारी टीममधल्या ज्युनियर पोराची चकाचक गाडी. बाकी कारणं शोधायची गरज नाही.

तर, दिवाळीच्या बोनसमधून १५ इंची काळ्या मॅग्जचा सेट बसवला. दहा-बारा दिवसांत स्पीडब्रेकरवर डावीकडून 'टक' असा आवाज यायला लागला. नट थोडे ढिले होते. एल पान्यावर चक्क उभं राहून आवळले. आठवड्याने परत टक. मग घराजवळच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मुलाने नट काढले, प्रत्येकाखाली एक चपटा वायसर टाकला (वॉशर म्हणायचं फक्त ड्रॉइंगमध्ये, गॅरेजमध्ये तो वायसरच) आणि परत ठोकून आवळले. म्हटलं, चाकाला कुठे वायसर असतात का? तर म्हणाला, "इनोव्हाला असतात की साहेब."

आवाज बंद झाला. बग कळला नाही पण गेला, म्हणजे टिकिट क्लोज! रोज दुसऱ्यांना ज्यासाठी झापतो तेच मी केलं.

तीन आठवड्यांनी बायको म्हणाली की ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतंय. गाडी तीच रोज नेते, हायवेने, लेकीला शाळेत सोडून पुढे ऑफिसला. "बॅलन्सिंग गेलं असेल, करून आणतो," असं मी म्हणालो आणि आणलं नाही. खरं सांगायचं तर मला तपासायचंच नव्हतं. तपासलं असतं आणि मॅग्ज चुकीचे निघाले असते तर अठ्ठावीस हजार आणि ती मायलेजची थाप, दोन्ही एकदमच बाहेर आलं असतं.

अशा गाडीत आई-बाबा, बायको आणि लेक यांना बसवून मी एका शनिवारी बल्लाळेश्वराला निघालो. बोरघाट उतरताना लेक गाणी लावत होती, त्यामुळे काही ऐकू आलं नाही. खोपोलीला एक्सप्रेसवे सोडून पालीच्या रस्त्याला लागलो. जांभूळपाड्याच्या पुढे बाबा म्हणाले, "डावीकडून काहीतरी वाजतंय." मी म्हटलं रस्ता खराब आहे. आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे गेला.

सरसगड दिसायला लागला तेव्हा आवाज टक-टक राहिला नव्हता, चाकाच्या प्रत्येक फेरीला एक ठोका पडत होता. पाली गावात शिरायच्या आधी टायर-पंक्चरचं एक छोटं दुकान दिसलं, तिथे गाडी उभी केली.

दुकानातले मामा साठीच्या आसपासचे. मला वाटलं पाना घेऊन येतील. ते हात पुसत आले आणि नुसते चाकासमोर बसले. नुसतंच बघत होते. एका नटाच्या भोवताली काळपट पावडर होती आणि त्यातून बाहेरच्या कडेला जाणारे बारीक ओघळ. मामांनी त्या नटावर बोट ठेवलं आणि फिरवलं. नट फिरला. बोटाने!

बाबा मागे उभे होते. काही बोलले नाहीत.

जॅक लावून चाक काढलं तेव्हा वायसर खाली टपटप पडले. चारपैकी दोन वाटीसारखे वाकलेले. मॅगची दोन भोकं गोल राहिली नव्हती, अंड्यासारखी झाली होती. एका स्टडचे तोंडाकडचे आटे चेपलेले. मामांनी माझा एक नट उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "याचं तोंड बघा. कसं हाय?"

गोल होतं, लिंबाच्या बुडासारखं.

"आता भोक बघा."

भोकाचा उतार सरळ होता, नरसाळ्यासारखा.

"गोटी नरसाळ्यात ठेवली तं कुठं टेकते? एका रेघेवर. हा नट तुमच्या लोखंडी रिमचा हाय. मॅगचा न्हाय."

एवढंच होतं सगळं. होंडाच्या कंपनीच्या चाकांना गोल बुडाचे नट लागतात आणि बाजारातल्या बहुतेक मॅग्जना ६० अंशांच्या शंकूचे. मॅग्ज बसवणाऱ्याने जुनेच नट परत लावले होते. ते बसले, आवळले गेले, बाहेरून फरक काही दिसला नाही. रविवारी घरी बसून हे सगळं वाचलं तेव्हा मामांच्या गोटीच्या पलीकडे फारसं नवीन निघालं नाही, फक्त आकडे मिळाले. पण आकडे झोप उडवणारे आहेत, म्हणून देतो.

माझा समज असा होता की गाडीचं वजन त्या चार स्टडवर लटकलेलं असतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि आखडायला बघतो. त्या ओढीने चाक हबवर दाबलं जातं, आणि गाडी धरून ठेवतं ते त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. होंडा या गाडीला १०८ न्यूटन-मीटर टॉर्क सांगते, स्टड १२ मिलिमीटरचा. साधा हिशोब केला तर एका नटामागे साडेचार टनांच्या आसपास दाब येतो. चार नटांचा मिळून अठरा टन. एवढा दाब असेल तर चाक हबवर केसभरही सरकत नाही. सरकायला लागलं की खेळ संपला, कारण आडवे धक्के बसले की नट आपोआप उलटा फिरतो. १९६९ साली युंकर नावाच्या जर्मन इंजिनियरने हे प्रयोगाने दाखवलं होतं.

मला सगळ्यात धक्का बसला तो ताणाच्या आकड्याचा. साडेचार टनांच्या ओढीने तो स्टड लांब किती होतो? मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. म्हणजे नटाखालचं काहीही तेवढं दबलं, मग तो मऊ पत्र्याचा वायसर असो, भोकातला रंगाचा थर असो की रेघेवर टेकलेल्या नटाने चेपलेलं अॅल्युमिनियम, की सगळा दाब गायब. माझे वायसर तर वाकून वाटी झाले होते.

बरं, तो गॅरेजवाला मुलगाही अगदीच थापा मारत नव्हता. टोयोटाच्या कंपनीच्या मॅग्जना खरोखर वायसरवाले नट असतात. पण तिथे भोकाचं तोंड सपाट असतं, नटाला खाली दांडा असतो, तो भोकात घट्ट बसून चाक मध्यावर आणतो, आणि वायसर जाड, नटालाच अडकवलेला असतो. तिथे वायसर डिझाइनचा भाग आहे, माझ्याकडे तो ठिगळ होता. शंकूच्या भोकावर सपाट वायसर ठेवला तर चाक मध्यावर आणणारं काही उरतच नाही. त्यात माझ्या मॅगचं मधलं भोक ७३.१ मिलिमीटर आणि होंडाचा हब ५६.१, म्हणजे चहूबाजूंनी साडेआठ मिलिमीटर मोकळी जागा. बायकोने सांगितलेली थरथर ती ही. शिवाय ३ मिलिमीटरचा वायसर टाकला की दीड मिलिमीटरच्या पिचवर दोन आटे कमी पकडले जातात. किमान स्टडच्या जाडीइतके, म्हणजे आठ फेरे तरी नट चढावा असं म्हणतात. माझे पाच चढत होते.

असो. पालीला परत येतो.

मी मामांना म्हणालो, "आत्ता जोरात आवळून द्या, पुण्याला जाऊन नीट करतो."

"हे मी आवळायचा न्हाय."

"अहो, तात्पुरतं..."

"तात्पुरतंच केलंय ना कुणीतरी? घाटात सुटलं तं शेवटचा पाना माझा." त्यांनी पाना खरंच खाली ठेवला. आवाज चढला नव्हता. गाडी सोडून जा म्हणाले, पैसे नकोत.

मी वीसेक मिनिटं मोबाईलवर रेंज शोधत फिरलो. परत आलो तेव्हा बायको मामांशी बोलत होती आणि हातात वाकलेला वायसर होता. तिने विचारलं, "हे तुला कधीपासून माहीत होतं?"

वायसर टाकल्याचं माहीत होतं, असं म्हणता आलं असतं. धोका आहे हे माहीत नव्हतं, असंही. दोन्ही तांत्रिकदृष्ट्या खरं. मी म्हटलं, "आवाज महिनाभर ऐकतोय."

"आणि मी तिला मागे बसवून रोज हायवेने जात होते."

"हो."

यावर ती काही बोलली नाही. आई लेकीला घेऊन रसवंतीकडे गेली.

उपाय मामांनीच काढला. खराब झालेलं चाक बाद. त्या जागी स्टेपनी, ती मूळची लोखंडी रिम, तिला माझे गोल नट बरोब्बर बसतात. चेपलेल्या स्टडवर त्यांनी डाय फिरवून आटे साफ केले. उरलेल्या तीन मॅग्जची भोकं एकेक करून बोटाने चाचपली, ती शाबूत होती. त्यांना शंकूचे बारा नट हवे. एका डब्यात जुन्या सँट्रोचे आठ निघाले. ह्युंदाईचा आटा होंडासारखाच, १२ बाय दीड. डब्यात मारुतीचेही होते, मी एक उचलून लावायला गेलो तर दोन फेरे गेला आणि अडला. मामांनी हातातून काढूनच घेतला. मारुतीचा आटा १२ बाय सव्वा, दिसायला तोच, आणि इथेच पाना मारला की स्टड गेला. नट पहिल्यापासून शेवटपर्यंत हातानेच चढला पाहिजे, पाना फक्त शेवटी. मी आटे पुसून ऑइलही लावणार होतो, त्यालाही नको म्हणाले. हेही नंतर कळलं: ऑइलने घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला साडेचार टनांऐवजी सहा टनांपर्यंत ओढ जाते. स्टड ताणून कायमचा सैल पडू शकतो.

राहिलेले चार नट नागोठण्याहून यायचे होते. तेवढ्यात दर्शन उरकलं. देवळाच्या भिंती बांधताना दगडांच्या सांध्यात शिसं ओतलं होतं असं सांगतात. एरवी मी हे ऐकून पुढे गेलो असतो, त्या दिवशी सांध्यांकडे बघत बराच वेळ उभा राहिलो. चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली म्हणतात ती मोठी घंटा लेकीने दोनदा वाजवली. बायको रांगेत माझ्या पुढे होती, मागे वळली नाही.

चार वाजता सगळे नट लागले, समोरासमोरचे जोडीने, आधी चाक हवेत असताना आणि मग जमिनीवर टेकवून. मामांनी मजुरी सांगितली ती इतकी कमी होती की मला लाज वाटली. वर म्हणाले, वीस किलोमीटरवर थांबून परत पाना लावा.

बायकोने निर्णय आधीच घेतला होता. ती, आई-बाबा आणि लेक एसटीने खोपोलीपर्यंत जाणार, मी एकटा गाडी घेऊन मागून. बाबा मात्र एसटीत चढले नाहीत. "मी याच्याबरोबर येतो," एवढंच म्हणून पुढच्या सीटवर बसले. आम्ही चाळीसच्या स्पीडने, गाणी बंद, काचा खाली करून आलो. जांभूळपाड्याला उतरून मी सोळाही नट तपासले. त्यातला एक, मागच्या चाकाचा, पाव फेरा फिरला.

खोपोलीच्या स्टँडबाहेर बायको वाट बघत होती. तिने माझ्याकडे पाना मागितला. सँट्रोच्या नटाला २१ चा लागतो, होंडाच्या नटाला १९ चा, मामांनी २१ चा जुना पाना बरोबर दिला होता. साडी खोचून ती चारही चाकांजवळ एकेक करून बसली, प्रत्येक नटावर जोर लावून पाहिला. काहीच हललं नाही. मग लेकीला मागे बसवलं आणि स्वतः चावी घेतली.

फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना २०२१ ची मोनॅकोची रेस आठवत असेल. बोटासच्या मर्सिडीजचा नट पिटस्टॉपमध्ये असा झिजला की चाक तिथे निघालंच नाही, इंग्लंडला फॅक्टरीत नेऊन काढावं लागलं. हे मी घाटात बोलून दाखवलं. कोणी हसलं नाही :-)

पुढच्या आठवड्यात नवीन रिम, शंकूचे सोळा नट, ७३.१ ते ५६.१ च्या हब रिंगा आणि एक टॉर्क पाना, असा खर्च झाला. मॅग्ज बसवणाऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, नट तर तुमचेच होते साहेब. मायलेजबद्दलही घरी सांगून टाकलं. ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणे. मामांचा २१ चा पाना अजून डिकीत आहे, पुढच्या शनिवारी परत द्यायला जायचं आहे.