अब्राहामाची सुरी

जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये शिरलं की उजव्या हाताला एक अरुंद, उभा दगडी जिना लागतो. पायऱ्या माणसांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या. वर गुलगुथा, म्हणजे येशूला जिथे क्रुसावर दिलं असं मानतात ती जागा. गर्दी डावीकडच्या ग्रीक वेदीकडे सरकते, कारण तिच्याखालच्या खडकाला हात लावता येतो. उजवीकडच्या कॅथलिक भागात थोडं उभं राहायला मिळतं. तिथे मोझेकमध्ये येशूच्या कितीतरी शतकं आधीची गोष्ट चितारली आहे: मुलगा वेदीवर, आणि त्याचा बळी द्यायला निघालेला बाप. इसहाक आणि अब्राहाम.

यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान, तिघेही अब्राहामाला मूळपुरुष मानतात. तरी ते एकमेकांपासून दुरावले कुठे, हे पाहायचं तर ही एकच गोष्ट हाती धरावी असं मला वाटतं. देवाने बापाकडे मुलगा मागितला, बाप तयार झाला, सुरी चालणार तेवढ्यात देवानेच त्याला थांबवलं आणि मुलाच्या जागी मेंढा कापला गेला. गोष्ट तिघांचीही आहे, पण तिच्यातून प्रत्येकाला दिसलेला देव निराळा आहे.

गुलगुथावर हे चित्र का, ते ख्रिस्ती माणसाला सांगावं लागत नाही. इसहाक स्वतःच्या होमाची लाकडं पाठीवर घेऊन डोंगर चढला, येशू स्वतःचा क्रूस घेऊन. अब्राहामाचा मुलगा वाचला. देवाने स्वतःचा पुत्र मात्र वाचवला नाही. माणसाच्या पापाचं ऋण माणसाला फेडता येण्यासारखं नव्हतं, म्हणून देवाने ते स्वतः फेडलं, ही या धर्माची गाभ्याची श्रद्धा. येशू जन्माने यहुदी, त्याचे पहिले शिष्यही यहुदी. मशीहा, म्हणजे वचन दिलेला तारणारा, येऊन गेला असं म्हणणारे हे लोक म्हणजे यहुद्यांतलाच एक पंथ होता. धर्मप्रचारक पौलाने सुंतेची अट न घालता परक्यांनाही त्यात घेतलं आणि वाटा वेगळ्या होत गेल्या. पुढे कॉन्स्टंटाइन बादशहाने ३२५ मध्ये नायसियाला धर्मपरिषद बोलावली. पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे, असा निर्णय तिथे झाला. त्याच बादशहाने बांधायला लावलेलं हे चर्च ३३५ मध्ये अर्पण झालं. ते १००९ मध्ये पाडलं गेलं, पुन्हा बांधलं गेलं. आज सहा ख्रिस्ती पंथ ते आपापसांत वाटून वापरतात, आणि दाराची किल्ली शतकानुशतकं मुसलमान घराण्याकडे आहे.

तिथून बाजाराच्या बोळांतून, मसाल्यांच्या आणि क्रुसांच्या दुकानांमधून उतरत गेलं की पश्चिम भिंत येते. यहुदी परंपरेत मोरियाचा डोंगर तो हाच. इथेच इसहाकाला बांधलं, इथेच पुढे मंदिर उभं राहिलं. पहिलं मंदिर इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बाबिलोनच्या फौजांनी पाडलं, दुसरं इसवी सन ७० मध्ये रोमनांनी. हेरोद राजाने दुसऱ्या मंदिराभोवती जो प्रचंड चौथरा बांधला, त्याची ही आधारभिंत. मंदिर गेलं तसे बळीही थांबले. त्यांच्या जागी प्रार्थना आली आणि ग्रंथाचं अखंड वाचन आलं. माझ्या मते यहुदी धर्माचं खरं बळ यात आहे: सर्वांत पवित्र वास्तू जाऊन एकोणीसशे वर्षांवर काळ लोटला, तरी तो उभा आहे.

भिंतीपाशी बायकांच्या भागात एक म्हातारी मोठ्या आवाजात मराठी बोलत होती. बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी. माहेर अलिबागकडचं, गाव सोडून उभा जन्म झालेला. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्यांतली. मी अब्राहामाचं काढलं, तर म्हणाली, "अगं, नव्याच्या सणाला तेच वाचतात की. आणि मेंढ्याचं शिंग फुंकतात. पोर वाचलं, त्याची आठवण." नव्याचा सण म्हणजे यहुदी नववर्ष. मुलाऐवजी मेंढा, आणि गोष्ट तिथे पुरी. पुढे कुणाला कुणासाठी मरावं लागत नाही. देव एक, निराकार. त्याला पुत्र नाही. या वंशाशी त्याचा करार झाला आहे, तो पाळायचा, आणि मशीहाची वाट पाहायची.

भिंतीच्या शेजारून लाकडी पूल वर चढतो आणि त्याच चौथऱ्यावर नेतो. मुसलमानांचं हे हरम अल-शरीफ. सोनेरी घुमटाच्या आत बिगर मुसलमानांना सध्या जाता येत नाही. आत उघडा खडक आहे. पैगंबर मेराजच्या रात्री तिथून आकाशात गेले, अशी श्रद्धा. खलिफा अब्द अल-मलिकने ६९१-९२ मध्ये ही इमारत उभारली आणि आतल्या कमानींवर मोझेकमध्ये मोठा लेख लिहवून घेतला. मरियमपुत्र ईसा अल्लाहचा प्रेषित आहे, पण अल्लाह एकच आहे आणि त्याला पुत्र नाही, असं तो लेख ग्रंथधारकांना उद्देशून सांगतो. पवित्र कबरीचं चर्च इथून हाकेच्या अंतरावर! इस्लाम ईसाला मानतो, कुमारी मातेच्या पोटी जन्मलेला मानतो, तो परत येईल असंही मानतो. पण तो क्रुसावर मेला, हे मानत नाही.

कुराणात इब्राहिम मुलाला आपलं स्वप्न सांगतो आणि त्याला विचारतो. मुलगा होकार देतो. मला ही गोष्ट इथे सर्वांत जास्त भिडते, कारण शरण जाणारे दोघे आहेत, आणि इस्लाम म्हणजे शरणच जाणं. आदमचं पाप पुढच्यांच्या माथी येत नाही, म्हणून ते फेडायला तारणाराही लागत नाही. मुलाचं नाव कुराण देत नाही. जुन्या भाष्यकारांत यावर मतभेद होते. पुढे थोरल्या मुलाचं, इस्माईलचं, नाव रूढ झालं, जागा मक्केजवळची मिना ठरली. बकरी ईदची कुर्बानी तिथली.

इस्माईलबरोबर त्याची आई हाजराही येते, बायबलमधली हागार. घराबाहेर काढलेली दासी, तहानलेल्या लेकरासाठी पाणी शोधत दोन टेकड्यांमध्ये धावणारी. हजला जाणारा प्रत्येक जण, राजा असो की मजूर, सफा आणि मरवाच्या मध्ये तिच्यासारखा सात फेऱ्या करतो. एका टाकलेल्या बाईचे हाल एवढ्या मोठ्या धर्माने आपल्या विधीत कायमचे जपले, याचा मला फार आदर वाटतो. इसहाकाची आई सारा, तिच्या वाट्याला असं काही आलं नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात सुरीच्या प्रसंगानंतर लगेचच तिचा मृत्यू येतो. ती बातमी कानावर येऊन ती गेली, असं यहुदी परंपरा सांगते.

तिची कबर हेब्रॉनला. जेरुसलेमहून दक्षिणेला तीसेक किलोमीटर. बेथलेहेमला उतरायचं आणि पुढे शेअर टॅक्सीने द्राक्षमळ्यांतून जायचं. मकपेलाची गुहा अब्राहामाने सारेसाठी चारशे शेकेल चांदी मोजून विकत घेतली. पुढे तोही तिथेच पुरला गेला, आणि त्याला पुरायला इसहाक आणि इश्माएल दोघे आले, असं उत्पत्तीत आहे.

वर हेरोदाच्या काळची भिंत, आत चर्च झालं, मशीद झाली, परत चर्च, परत मशीद. तेराव्या शतकात सुलतान बैबर्सने यहुदी-ख्रिस्तींना बंदी केली, तेव्हापासून १९६७ पर्यंत यहुद्यांना बाहेरच्या सातव्या पायरीपुढे जाता येत नव्हतं. १९२९ मध्ये या गावात ६७ यहुदी मारले गेले. १९९४ मध्ये रमजानच्या पहाटे नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना एका यहुदी वसाहतवाल्याने गोळ्या घातल्या. तेव्हापासून इमारत वाटून दिली आहे. अब्राहाम आणि सारेच्या समाध्या मध्ये, दोन्हीकडून गजांआडून दिसणाऱ्या. दोन्ही नाक्यांवर सैनिकांनी धर्म विचारला. हिंदू म्हटल्यावर दोन्हीकडे सोडलं. ज्यांचा तो पूर्वज, त्यांना मात्र एरवी आपापलाच भाग. वर्षातले दहा दिवस ती सगळी यहुद्यांची असते, दहा दिवस सगळी मुसलमानांची, आणि त्या दिवशी दुसऱ्याला आत येता येत नाही.