केसपेपरवरचा पत्ता

आत्या 1991 साली महाराष्ट्रातल्या एका सरकारी मनोरुग्णालयात दाखल झाली. केसपेपरवर नातेवाइकाचा पत्ता पडला: मानक नगर, लखनौ. बाबा तिथे आरडीएसओत, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेत नोकरीला होते.

दोन वर्षांत ती सावरली. 'घेऊन जावे' अशी पत्रं येत राहिली, बाबा मनीऑर्डरी पाठवत राहिले. 1998 मध्ये ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं आणि नवा पत्ता कळवायचा राहून गेला. राहून गेला, हे आमच्या घरचं वाक्य. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. पोस्टकार्ड मलाही परवडलं असतं.

आत्या काही एकटी नव्हती. उत्तर प्रदेशातल्या मनोरुग्णालयांत बरे होऊनही अडकलेल्यांसाठी गौरव कुमार बन्सल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 19 तर स्पष्टच म्हणतं की, घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्यावरून कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. मग ठेवायचं कुठे? महाराष्ट्रात काहींची रवानगी भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत झाली. 2021 मध्ये न्यायालयाने ते थांबवायला सांगितलं.

चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेची 'होम अगेन' ही वाट वेगळी. चार-पाच जणी वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहतात, सोबतीला एक मदतनीस. गोळ्या चालू, वॉर्ड बंद. महाराष्ट्रात रत्नागिरीत हा प्रयोग झाला.

आत्या 2019 साली अशाच एका घरात आली. पहिले काही महिने ती चपला उशाखाली घेऊन झोपायची. वॉर्डात सकाळी चपला जागेवर सापडत नसत. बाजारात दोनशेची पिवळी नोट हातात आली तेव्हा तिने ती खोटी म्हणून कोळणीच्या अंगावर परत टाकली आणि बांगडे टोपलीत ठेवून चालू पडली. सोबतच्या बायका अजून हसतात. केस मात्र तिने कुणाला कापू दिलेले नाहीत. आता पाठीवर पांढरी वेणी असते.

संस्थेने शोधून काढल्यावर मी भेटायला गेलो. तिने ओळखलं, बाबांचं विचारलं. ते गेल्याचं सांगितल्यावर थोडा वेळ लसूण सोलत राहिली.

"आत्या, माझ्याकडे लखनौला येतेस?"

"मंगळवारी स्वयंपाकाची पाळी असते माझी," ती म्हणाली. "जेवून जा."