बंदिवान कोणाचा?

गेल्या संक्रांतीस आमचा एक विद्यार्थी तिळगूळ देण्यास बार्शींतील आमच्या घरीं आला. सैन्यांत त्याची निवड झाली होती. दुसऱ्याच दिवशीं निघावयाचें होतें. आम्हीं सवयीनें उपदेश केला, "हुकूम पाळ, शिपायाचा धर्म तोच." त्यानें हळूच विचारिलें, "सर, आणि हातीं आलेल्या कैद्याला मारा, असा साहेबांचा हुकूम झाला तर?" तीस वर्षें वर्गांत आज्ञाधारकपणाचे गोडवे गाणाऱ्या आम्हांस उत्तर सुचेना. "उद्यां सांगतों," म्हणून वेळ मारून नेली.

तारीख १४ जानेवारी, पानिपताचीच. १७६१ सालच्या त्या संग्रामाचा काशिराज पंडितानें लिहिलेला वृत्तांत आम्हीं रात्रीं पुन्हा काढला. काशिराज मूळचा दक्षिणी, पण चाकरी शुजाउद्दौल्याची. म्हणून विजयी छावणींत काय घडलें तें त्यास जवळून ठाऊक. दुसऱ्या दिवशीं बंदिवानांची कत्तल झाली. जखमी जनकोजी शिंदे बर्खुरदारखानाच्या ताब्यांत होते. पैसे घेऊन सोडण्याचीं बोलणीं चाललीं होतीं. इतक्यांत बातमी अबदालीच्या कानीं गेली. लपविलेला कैदी अंगाशीं येईल या भयानें खानानें त्यांस गुपचूप मारविलें. मारणाऱ्या हातांनींही हुकूमच पाळला!

पूर्वीं हें वाचतांना आम्हांस क्रौर्य तेवढें दिसलें होतें; त्या रात्रीं त्यामागची रीत दिसली. कैदी हा धरणाराची मिळकत. विकावा, लपवावा, नाहींतर नाहींसा करावा. १९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा करारानें हीच गांठ तोडली. युद्धकैदी शत्रुराष्ट्राच्या स्वाधीन असतात, त्यांस धरणाऱ्या माणसाच्या किंवा पलटणीच्या नव्हे. १९६० सालीं आपल्या देशांत या करारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. आणि १९५० च्या आपल्या लष्करी कायद्यांत शिपायावर अवज्ञेचा गुन्हा येतो, तो 'कायदेशीर' हुकूम मोडल्यास. आमच्या उपदेशांत नेमकें तेंच विशेषण गळालें होतें.

दुसऱ्या दिवशीं एस. टी. स्थानकावर आम्हीं त्यास सांगितलें, "कैदी तुझा नव्हे, तुझ्या साहेबांचाही नव्हे. त्याला मारण्याचा अधिकारच ज्यांस नाहीं, ते तो तुला कोठून देणार?"

तो क्षणभर थांबून म्हणाला, "पण सर, तिथें माझ्या बाजूला उभें कोण राहील?"

'कायदा' हा शब्द ओठांवर आला. पण कायदा पोंचेपर्यंत त्यास एकट्यालाच उभें राहावें लागेल, हें आम्ही जाणत होतों. गाडी सुटतांना आम्हीं त्याच्या हातावर तिळगूळ ठेविला आणि कालचा आशीर्वाद दुरुस्त करून दिला.