नावाची गफलत

आई गेल्यावर तिच्या पेटीत एक जुनी वही सापडली. अक्षर माझेच होते. बारावीच्या सुट्टीत, शिंदखेड्याच्या घरी, तिच्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या मी तीत उतरवून घेतल्या होत्या आणि पुढे मराठीत एम.ए. होताना साफ विसरून गेलो होतो.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. ओवी, गाणारी, गाव, विषय अशी ती मांडणी पाहून वाटले, आईचीही अशी नोंद ठेवावी. संगणक विभागातल्या सहकाऱ्याने पायथॉन आणि एसक्यूलाइट सुचवले. धारिकेला काय नाव द्यावे? विषयाचेच द्यावे, या वाङ्मयीन सवयीने मी तिला 'एसक्यूलाइट३' म्हटले.

कार्यक्रम चालेना. 'या मॉड्यूलमध्ये कनेक्ट नाही' असा काहीसा निरोप येई. मॉड्यूल बसवलेलेच नसावे, असे समजून ते बाहेरून मागवू लागलो, तर तेही मिळेना. मिळणार कसे? २००६च्या २.५ या आवृत्तीपासून ते पायथॉनसोबतच येते. दोन संध्याकाळी अशाच गेल्या.

सहकाऱ्याने पडद्याकडे पाहिले आणि तो हसला. "सर, पायथॉन आधी तुमच्याच फोल्डरमध्ये शोधतो. त्याला तुमचीच धारिका सापडते, म्हणून तो पुढे जातच नाही." खरे मॉड्यूल जागेवर होते. त्याच्या नावाने मीच दारात उभा होतो.

धारिकेचे नाव बदलून 'ओव्या' केले आणि जोडणी झाली.

मग वही उघडली. आता तिच्यातही मीच दिसू लागलो. आईच्या तोंडचा 'माले' मी कित्येक ठिकाणी 'मला' करून ठेवला होता. चार शब्द शिकल्याचा तो रुबाब होता. विद्यार्थ्यांना संहितेची शुद्धता शिकवणारा मी! पण इथे नुसते नाव बदलून भागणार नव्हते. खोडलेले काही शब्द अजून वाचता येतात. काही मी मुळात ऐकलेच नव्हते.

तक्त्यात आता एक रकाना वाढवला आहे : 'पाठ संशयित'. पहिल्या अकरा ओव्यांपैकी सातांपुढे तशी खूण करावी लागली.