नाकाने ओळखायचं मूळ

काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली अनंतमुळाची पुडी मी घरी येऊन सोडली आणि सवयीने नाकाशी नेली. धूळ तेवढी नाकात गेली. एक काडी मोडून पाहिली, साल नखाने खरवडली, वास नाहीच. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, ‘‘जुना माल आहे मॅडम, वास उडतोय की!’’ जुन्या मालाचा वास उडतो, हे खरं. पण ताज्या मोडीलाही वास नसेल तर मूळ दुसऱ्याच वेलीचं असण्याचा संभव जास्त. ‘कृष्णसारिवा’ या नावाखाली दोन-तीन वेगळ्या वेली विकल्या जातात, आणि त्यांना अनंतमुळाचा वास नसतो.

मूर्खपणा माझाच. बत्तीस वर्षं मी वनस्पतिशास्त्र शिकवलं. घर निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. रोज राज्य ओलांडून पहिला तास गाठायचा. त्या वाटेवर घाणेरीच्या कुंपणात जी वेल दरवर्षी मुलांना दाखवली, तिचंच मूळ मी पैसे मोजून आणायला गेले होते.

उपळसरी तिचं नाव. शेजारच्या अक्कांच्या कानडीत ती सोगदे आणि मूळ सोगदे बेरू. ग्रंथांत ती सारिवा. सुश्रुताने औषधांच्या एका गणालाच तिचं नाव दिलं. त्या सारिवादी गणात चंदन आणि वाळाही आहेत, पण नाव हिचं. वनस्पतिशास्त्रात ती हेमिडेस्मस इंडिकस. १८६४ च्या ब्रिटिश फार्माकोपियातही तिच्या मुळाला जागा मिळाली होती. एवढं मोठं घराणं. पण आमच्या भागात परसात तुळस, कोरफड, गवती चहा असतोच, उपळसरी म्हटलं की ‘‘ती कुठली?’’

दोष तिच्या रूपाचाही आहे. दिसायला ती काहीच नाही. सुतळीएवढी बारीक वेल, आधार मिळाला तर चढणारी, नाही तर जमिनीवर लोळणारी. एकाच वेलीवर पानं दोन तऱ्हांची : कोवळ्या फांद्यांवर लांबट-अरुंद, जुन्यांवर रुंद-लंबगोल. गर्द हिरव्या पानाच्या मधोमध चुन्याचं बोट ओढल्यासारखा पांढरट पट्टा. पान तोडलं की पांढरा चीक. फुलं पानांच्या बगलेत, बाहेरून हिरवट, आतून जांभळी, पण इतकी बारीक की वाकल्याशिवाय दिसत नाहीत. सगळी श्रीमंती जमिनीखाली.

मुळाच्या त्या वासाचं द्रव्य व्हॅनिलातल्या व्हॅनिलिनचं सख्खं भावंड आहे. अणू तेवढेच, मांडणी वेगळी. मला मात्र त्यात व्हॅनिला कमी आणि नव्या गुळाची ढेप फोडल्यावर येणारा वास जास्त येतो. आता इथे एक मेख आहे. दक्षिण कर्नाटकात मागळी बेरूचं लोणचं घालतात. त्या मुळातही हेच द्रव्य असतं आणि तेही अनंतमूळ म्हणून खपवलं जातं. तिथे नाक फसतं, डोळे लावावे लागतात. मागळी बोटाएवढी जाड आणि मांसल. उपळसरीचं मूळ पेन्सिलीहून बारीक, कडक, वाकडंतिकडं, सालीला आडव्या भेगा. पूड घेतली की नाकही गेलं आणि डोळेही. म्हणून मी पूड घेत नाही.

मग परसात लावायचं ठरवलं. माहेर खानापूरकडचं, तिथली माती तांबडी, जांभ्याची. कितीही पाऊस पडो, पाणी थांबत नाही. तिथून जूनमध्ये मुळासकट एक वेल आणली. निपाणीच्या काळ्या मातीत, जी तंबाखूला मानवते, हातभर खड्डा घेतला, दोन घमेली शेणखत घातलं आणि कौतुकाने पाणी देत राहिले. श्रावणात पानं पिवळी पडली. उपसून पाहिलं तर मूळ चिखलात कुजून काळं झालेलं. मुलांना निचऱ्यावर एक आख्खा तास शिकवणारी मी!

दुसऱ्या खेपेला वीतभर उंच वाफा बांधला : दोन भाग तांबडी माती, एक भाग वाळू, एक भाग जुनं शेणखत, तळाला विटांचे तुकडे. जागा शेवग्याच्या बुंध्याजवळ, म्हणजे चढायला आधार आणि दुपारी विरळ सावली. बियांच्या नादी मी लागले नाही, कारण शेंगा धरतात फार थोड्या. मुळांचे बोटभर तुकडे आडवे पुरले, शिवाय जून फांदीचे दोन-दोन पेरांचे तुकडे पावसाच्या सुरुवातीला लावले. फांद्यांतले निम्मे गेले. मुळांचे तुकडे मात्र महिना-दीड महिन्यात फुटले. गच्चीवर लावायची असेल तर वीस लिटरची रंगाची बादली घ्या, बुडाला भोकं पाडून. उथळ कुंडीत मूळ गोल गोल फिरत बसतं.

पुढचं काम वाट बघण्याचं. पहिल्या वर्षी वेल अशी खुरटी दिसते की उपटून टाकावीशी वाटते. दुसऱ्या वर्षी पानांवर अळ्या आल्या, काळे-पांढरे पट्टे आणि अंगावर मऊ शिंगांसारखे तंतू. फवारणीचा डबा मी हातात घेतलाही होता. पण ही कॉमन क्रो फुलपाखराची अळी. चीक असलेल्या झाडा-वेलींवर ती वाढते. पानांचा फडशा पाडला तिने. आठवड्याभराने पानाखाली कोष लटकत होते, चांदीचा वर्ख लावल्यासारखे चकचकीत. वेलीला त्याचं काहीच वाटलं नाही, पुन्हा फुटली.

तिसऱ्या हिवाळ्यात कुदळ घेतली. बुंध्याला हात लावायचा नाही. फूटभर लांबून माती उकरत जायची. मूळ दिसण्याआधी ओल्या मातीतून वास वर येतो, तो आला की कुदळ ठेवायची आणि खुरपं घ्यायचं. एका बाजूची मुळं कापून घ्यायची, दुसरी बाजू वेलीला ठेवायची, माती लोटायची. मला मूठभरच मिळाली. सावलीत वाळवली, कारण वासाचं द्रव्य उडून जाणारं आहे आणि उन्हात त्याची वाट लागते. वास सगळा सालीत. वरवंट्याने हलकेच ठेचलं की आतली लाकडी काडी सुटते, ती फेकायची. साल फडक्यात बांधून माठात सोडली, की वाळ्याची आठवण येत नाही. गूळ-लिंबू घालून सरबतही होतं. औषध म्हणून कुणी किती घ्यायचं, ते मात्र वैद्याला विचारा. मी वनस्पतीची मास्तरीण आहे.

माठातलं पाणी अक्कांना दिलं. त्यांनी घोट घेण्याआधीच तांब्या नाकाशी नेला. ‘‘सोगदे! कुठनं आणलासा?’’ मी शेवग्याकडे बोट दाखवलं. तांब्या कट्ट्यावर ठेवून त्या तिथे गेल्या, वेल हातात धरून पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘हे तर आमच्या मळ्याच्या बांधावरचं तण की हो! दरसाल उपटून टाकतोय.’’ पावसाळा लागला की कुदळ घेऊन मीच त्यांच्या बांधावर जाणार आहे.