जागा गावाची, घर आपले

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपण म्हणतो. घराच्या खर्चाचे तीन वाटे असतात : जागा, सामान आणि मजुरी. एकट्याने तिन्ही उचलायचे म्हटले की सावकाराची पायरी चढावी लागते आणि कर्ज फिटेना की जमीन जाते. हे ओझे गावाने मिळून उचललेले पाहायचे असेल, तर वाचकहो, एकदा गडचिरोलीकडे या.

गडचिरोलीहून धानोऱ्याची एस.टी. धरा. सुमारे तीस किलोमीटरवर लेखा लागते, त्याच्या जवळच मेंढा. शंभरएक घरांचे हे गोंडांचे गाव. भोवती साग, मोह नि बांबूचे रान. कुडाला, कुंपणाला, टोपल्यांना बांबू इथलाच. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर रानावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबू विकण्यासाठी वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेच्या हाती आले. बांबू तोडला की गावातच मजुरी मिळते, आणि ग्रामकोषात भर पडते.

जागेचा प्रश्न याहून अवघड. २०१३ साली गावाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली ग्रामदानाचा ठराव केला. ग्रामदानात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते. कसणारा कसतच राहतो, त्याच्यामागे मुलेही कसतात. पण बाहेरच्याला ती विकता येत नाही. सावकार नाही, दलाल नाही. जागेचा भाव कोणी चढवीत नाही, म्हणून उद्याच्या पोराला घरापुरती जागा आवाक्यात राहते.

याची किंमत मोजावी लागते, हेही ऐका. अडचणीला शेत विकून मोकळे होण्याची वाट बंद होते. शिवाय इथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचे जरी मन वळले नाही, तरी पुन्हा बसावे लागते. त्यात रात्री जातात. पण ठरले की कोणी मागे ओढीत नाही.

तुमच्या गावी ग्रामदान होईल न होईल. पण मंडपाची भांडी, बैठकीची खोली, धान्याची कोठी प्रत्येक घरी वेगळी कशाला हवी? एकाच्या भिंतीला चार घरांनी हात लावला, तर मजुरीचा वाटा आजच हलका होईल. गाव करी ते राव न करी. येत्या ग्रामसभेत घरातल्या बायांसह जा, आणि हा विषय तुम्हीच काढा.